पाठीवर पडलेली माणसं

बाकीच्या वॉर्डांतले पेशंट आठ-दहा दिवसांत बरे होतात किंवा जातात, आणि जाताना आपापले किस्सेही बरोबर घेऊन जातात. आमच्याकडे तसं नव्हतं. आमच्या वॉर्डात माणूस एकदा प्लास्टरमध्ये गेला की वर्ष-दीड वर्ष छताकडे बघत पडायचा. मग किस्से तरी कुठे जाणार? तेही तिथेच पडून राहायचे, एकावर एक.

मला रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी घरी चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "पाटकरबाई, तुमच्या त्या मणक्यांच्या वॉर्डातलं सांगा ना काहीतरी गमतीचं!"

गमतीचं! सांगते. हसायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

साठ-सत्तरच्या दशकांतल्या गोष्टी आहेत या. मुलुंडचं आमचं हॉस्पिटल तेव्हा छोटंसंच होतं. मागच्या बाजूला पत्र्याचं छप्पर असलेला एक लांबलचक हॉल, तोच मणक्यांचा वॉर्ड. मी घाटकोपरला राहायचे आणि तिथे नोकरीला होते. माझ्या खोलीवर 'फिजिओथेरपी' अशी पाटी होती. आमचे पेशंट तिला 'फिजूलथेरपी' म्हणायचे. पहिलं वर्षभर मला राग यायचा. नंतर येईनासा झाला.

वॉर्ड चालायचा तो दोन माणसांवर. एक डॉक्टर वर्दे, मणक्यांचे सर्जन. उंच, सडसडीत, खोटं बोलायची अॅलर्जी असलेले. आणि दुसरा धोंडीराम कांबळे, आमचा प्लास्टरवाला. सांगोल्याकडचा. प्लास्टरचं ओलं बँडेज त्याच्या हातून असं बसायचं की पेशंटला वाटावं, शिंप्याकडून सदरा शिवून आणलाय.

* * *

माझा पहिला दिवस. डॉक्टरांनी विचारलं, "मणके किती?"

"तेहतीस," मी म्हटलं. घोकून गेले होते ना!

"मणके कुणीही मोजतो. त्यांना धरून ठेवतं काय?"

मी लिगामेंटची सगळी नावं धडाधड म्हणून दाखवली. मणक्यांच्या पुढून वरपासून खालपर्यंत उतरणारी रुंद पट्टी, मागून उतरणारी अरुंद पट्टी, काट्यांच्या मधल्या, काट्यांच्या टोकांवरून जाणारी. डॉक्टर ऐकत होते. मग त्यांनी कपाटातून एक बरणी काढली. तिच्यात पाठीच्या कण्याचा वीतभर तुकडा होता, शवागारातून आलेला. त्यातली एक पिवळसर पट्टी त्यांनी चिमट्यात धरून माझ्यापुढे केली.

"ओढा."

मी ओढली. ती रबरासारखी ताणली गेली. सोडली, तर पुन्हा होती तेवढी झाली!

"माणूस वाकला की ही ताणते आणि त्याला परत उभं करायला मदत करते," डॉक्टर म्हणाले. "हा माणूस जाऊन चार दिवस झाले. ही पट्टी अजून परत येतेय. त्याचं दुसरं काही परत येईल का?"

दुपारी डबा उघडून नुसती बसून राहिले. धोंडीराम हात पुसत आला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला,

"खावा बाई. त्यो काय आता उठून वाटा मागनार न्हाई!"

लिगामेंटला धोंडीराम 'वाद्या' म्हणायचा. "हाडं म्हंजे गाडी. वाद्या तुटल्या की गाडी हितं आन् बैल तिकडं," असं तो पेशंटना समजावायचा. कॉलेजात चार वर्षांत मला हे इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं.

* * *

कोपऱ्यातल्या खाटेवर दामले म्हणून एक कारकून होते. पाठीच्या मणक्याला टीबी. मणका झिजून खचला होता आणि आतल्या मज्जारज्जूवर दाब आला होता. कमरेखालचं सगळं शरीर लाकूड झालं होतं. त्या काळी असे पेशंट आमच्याकडे रांगेने असायचे.

मी रोज सकाळी त्यांच्या पायाशी उभी राहून म्हणायचे, "दामले, अंगठा हलवा."

ते डोळे मिटून, दात आवळून जोर लावायचे. अंगठा ढिम्म. आठ महिने हाच कार्यक्रम. शेवटी म्हणायचे, "बाई, तुमची फिजूलथेरपी आजच्यापुरती पुरे."

एका सकाळी मी चादर सरकवली आणि अंगठा हलला! नुसता अंगठा नाही, अख्खा पाय गुडघ्यातून वर आला. मी ओरडलेच. दामल्यांच्या बायकोने तोंडाला पदर लावला. त्यांचा भाऊ तिथेच होता, तो धावत बाहेर गेला आणि पेढे घेऊन आला. वीस खाटांवर पेढे वाटले. ज्यांना मान वळवता येत नव्हती, त्यांच्या तोंडात धोंडीरामने स्वतः भरवले. मीही खाल्ला.

पेढा तोंडात असतानाच मी डॉक्टरांच्या खोलीत गेले. "सर, दामल्यांचा पाय हलला!"

डॉक्टर उभे राहिले. "हलला, की त्यांनी हलवला?"

मी थांबले. मग म्हटलं, "हलला."

डॉक्टर खाली बसले.

मज्जारज्जूवरचा दाब वाढला की मेंदूचा लगाम सुटतो. मग पाय आपले आपण झटके देतात. माणसाचा त्याच्याशी काही संबंध नसतो. म्हणजे दामले बरे होत नव्हते, बिघडत होते. हलला आणि हलवला. दोन शब्दांत फरक केवढा? एका अक्षराचा! पण त्या एका अक्षराच्या अलीकडे माणूस चालतो आणि पलीकडे चालत नाही.

डॉक्टर स्वतः सांगायला गेले. दामल्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला माहीत होतं डॉक्टर. मी हलवलाच नव्हता. पण बाई इतक्या खूश झाल्या होत्या!"

* * *

ठाण्याचे एक रिटायर्ड हेडमास्तर आले होते. त्यांनाही मणक्याचाच टीबी. खांद्यापासून कमरेपर्यंत प्लास्टरचं जाकीट घालायचं ठरलं. धोंडीराम माप घ्यायला गेला. मास्तरांनी विचारलं, "आडनाव काय तुझं?"

"कांबळे."

मास्तरांनी पाठ आक्रसून घेतली. माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, प्लास्टर घालायला दुसरा कुणी नाही का?"

डॉक्टर वर्दे मागेच उभे होते. ते असे लाल झाले की मला वाटलं, आता मास्तरांना खाटेसकट गेटबाहेर काढतात! पण धोंडीरामच पुढे झाला. "हाय की मास्तर. शिंदे हाय. उद्या त्येलाच लावतो कामाला."

आमच्याकडे शिंदे नावाचा कुणीही नव्हता.

दुसऱ्या दिवशी मास्तरांना पालथं झोपवलं. दोन टेबलांच्या मध्ये अंग अधांतरी, कपाळाला आधार, नजर सरळ जमिनीवर. प्लास्टर घालायची पद्धतच तशी. मास्तरांना फक्त फरशी दिसणार आणि समोर येणाऱ्याचे पाय. धोंडीरामने पायांत डॉक्टरांचे बूट घातले होते! पॉलिश केलेले काळे. तोंडातून अवाक्षर नाही.

"कोण, शिंदे का?" मास्तरांनी विचारलं.

"हो, शिंदेच," मी म्हटलं. काय करणार?

"हात बघा कसा हलका आहे! याला म्हणतात घरचे संस्कार."

पुढच्या दीड वर्षात सहा वेळा प्लास्टर बदललं. सहाही वेळा 'शिंदे' आला, डॉक्टरांचे बूट घालून. त्या दिवशी डॉक्टर स्लिपरवर राउंड घ्यायचे. मास्तर बरे झाले. पाठ जुळली, उभे राहिले, चालायला लागले. घरी जायच्या दिवशी म्हणाले, "शिंद्यांना बोलवा. मला त्यांच्या पाया पडायचंय. वयाने लहान असले तरी."

धोंडीराम त्यांच्या समोरच उभा होता. म्हणाला, "शिंदे वारला, मास्तर. गेल्या आटवड्यात."

मास्तर खाटेवर बसून खरोखर रडले हो! लहान पोरासारखे.

ते गेल्यावर मी धोंडीरामवर चिडले. "खरं का नाही सांगितलंस? आज तर सांगायचं होतं!"

धोंडीराम करवतीचं पातं पुसत होता. "सांगितलं असतं बाई. मग म्हातारा उरल्यालं आयुष्य पाठ घासत बसला असता. आत्ताच कुटं जुळलीय ती."

* * *

मनोरीची हिराबाई. कोळीण. तिची बहीण मुलुंडला राहायची, ती तिला घेऊन आली. चाळीस वर्षं डोक्यावर मासळीची पाटी. आता हातांना मुंग्या येत होत्या, बोटांतून सुई सुटत होती.

डॉक्टरांनी तिच्या मानेवर बोटं फिरवली, मग पुन्हा एकदा फिरवली. गुरुवारी शहरातल्या कॉलेजचे विद्यार्थी यायचे, त्यांना बोलावलं. "हात लावून बघा. मानेच्या मागून कवटीला जाऊन मिळते ती ही वादी." धोंडीरामचा शब्द आता तेही वापरायचे. "चरणाऱ्या गाईचं डोकं हीच तोलून धरते. माणसात ती नावापुरती असते. हिची बघा!"

हिराबाईने मान वर न करता विचारलं, "गाय कोनाला म्हंतंस रे?"

पोरं हसली. डॉक्टर नाही हसले. ते म्हणाले, "हिराबाई, वादी झकास आहे. मणके संपले. आजपासून डोक्यावर पाटी घ्यायची नाही."

"मंग कोन घेल? तू?"

बरीच समजूत घातल्यावर तिने ऐकलं. डॉक्टरांनी तिला मानेचा पट्टा दिला, कातड्याचा, चांगला जाडजूड. ती घरी गेली. आमच्या वॉर्डात ऐकणारे पेशंट कमी, म्हणून डॉक्टर चार दिवस खुशीत होते.

दोन वर्षांनी एक तरणी बाई आली. पंचविशीची असेल. हातांना मुंग्या येतात म्हणाली. गळ्यात पट्टा होता. मी पाहताक्षणी ओळखला, कारण त्याचं बक्कल धोंडीरामने स्वतः शिवलं होतं.

"हा पट्टा तुझ्याकडे कसा?"

"सासूचा. सासूनं पाटी माझ्याकडं दिली ना. मंग ती गेली. तवा पट्टाबी माझ्याकडंच आला."

डॉक्टर एक्स-रे खिडकीशी धरून बघत होते. मग पाठमोरेच म्हणाले, "मी पाटी खाली ठेव म्हणालो होतो. दुसऱ्याच्या डोक्यावर ठेव, असं नव्हतो म्हणालो."

* * *

आता डॉक्टरांचंच सांगते.

गुरुवारचीच गोष्ट. विद्यार्थ्यांचा घोळका वॉर्डात. डॉक्टर कण्याची वळणं शिकवत होते. मानेपाशी आत, छातीपाशी बाहेर, कमरेत पुन्हा आत. म्हणाले, "निरोगी माणूस भिंतीला पाठ लावून उभा राहिला की टाचा टेकतात, ढुंगण टेकतं आणि डोक्याची मागची बाजू टेकते. बघा." आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले.

टाचा टेकल्या होत्या. डोकं टेकलं नव्हतं. डोकं आणि भिंत यांच्यात चांगली चार बोटं जागा होती!

डॉक्टरांना ते कळलं नाही. त्यांना वाटत होतं, टेकलंय. "बघितलं?" त्यांनी विचारलं.

पहिल्या रांगेतला एक हुशार मुलगा भारावून गेला. "सर, काय हुबेहूब दाखवलंत! वाद्या आखडून जातात तो आजार ना हा? डोकं टेकतच नाही त्यांचं!"

सगळी पोरं वह्यांत लिहायला लागली.

डॉक्टरांनी हळूच हात मागे नेला. बोटांनी ती जागा चाचपली. एक बोट, दोन, तीन, चार. मग हात खाली घेतला आणि त्या मुलाला म्हणाले, "बरोबर. तोच आजार. फुल मार्क्स."

मी आणि धोंडीराम वॉर्डाच्या दाराशी उभे होतो. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

* * *

पुढे रोज दुपारी साडेतीनला डॉक्टर माझ्या 'फिजूल' खोलीत यायचे. पडदा ओढायचे, शर्ट काढायचे. मी त्यांच्या छातीभोवती टेप धरून म्हणायचे, "श्वास घ्या." निरोगी माणसाची छाती श्वासासरशी दोन-अडीच इंच फुगते. त्यांची अर्धा इंच फुगायची. मग पाव इंच.

त्यांच्या कण्याच्या वाद्या हाड बनत चालल्या होत्या. एकेक मणका खालच्या मणक्याला सांधला जात होता. शेवटी सगळा कणा एकसंध होतो. एक्स-रेमध्ये तो बांबूसारखा दिसतो. तेव्हा त्यावर औषध असं काही नव्हतंच. वेदना कमी करायच्या आणि निदान सरळ आखडावा म्हणून व्यायाम करायचे, एवढंच. पण त्यांचा कणा वाकूनच आखडत होता.

एकदा मला राहवलं नाही. डोळे भरून आले. तर मलाच म्हणाले, "रडू नका बाई. आयुष्यभर या वाद्यांचं कौतुक केलं. म्हटलं, मणक्यांना घट्ट धरून ठेवा. त्यांनी ऐकलं!"

डॉक्टर रिटायर झाले तेव्हा त्यांची नजर पायांच्या पुढे दोन-तीन हातांवर खिळलेली. मान वर होत नव्हती. धोंडीराम त्यांच्या पुढे चालायचा आणि सांगायचा, "सायेब, फांदी आली. सायेब, समोरून मेट्रन येत्यात, नमस्कार करा."

निरोपसमारंभाला एक पुढारी आले होते. माइक धरून म्हणाले, "डॉक्टरसाहेब ताठ कण्याचे! कधी कुणापुढे वाकले नाहीत!" टाळ्या. नंतर एक शेठ उठले. म्हणाले, "एवढे मोठे सर्जन, पण बघा, मान कायम खाली. विनय असावा तर असा!" पुन्हा टाळ्या.

डॉक्टर माझ्या बाजूला बसले होते. पुटपुटले, "बाई, दोघांचंही निदान बरोबर आहे."

मग ग्रुप फोटो. फोटोग्राफर स्टँड लावून ओरडायला लागला, "साहेब, जरा वर बघा ना! वर! स्माइल!" पुन्हा तेच, "साहेब, मान वर!" कुणाला तोंड उघडवेना.

धोंडीराम रांगेतून बाहेर आला, फोटोग्राफरच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला जमिनीवर दाबून बसवला.

"तूच खाली बस की!"

तो फोटो आहे माझ्याकडे. खालून काढलेला. आम्ही सगळे ताडमाड दिसतो, नुसत्या हनुवट्या. एकटे डॉक्टर तेवढे सरळ कॅमेऱ्यात बघतायत.

* * *

आता एक राहिला. हा आधीचा, डॉक्टर अजून ताठ चालायचे तेव्हाचा. हा मी फारसा कुणाला सांगत नाही.

मुलुंडच्याच एका कारखान्यात यशवंत नावाचा माणूस छपराचे पत्रे बदलताना खाली आला. कोकणातला, तिशीचा, नुकतं लग्न झालेला. त्याचे तीन दोस्त त्याला घेऊन धावत आमच्याकडे आले. त्यांतला मुख्य म्हणजे गावडे. त्याच्याच गावचा, त्याच्याच खोलीत राहणारा. त्याच्या शर्टावर घाम आणि डोळ्यांत पाणी.

आम्ही यशवंतला तपासलं. कमरेच्या वरचा मणका मोडून मागे सरकला होता. मागच्या वाद्या फाटल्या होत्या. बेंबीखाली टाचणी टोचली तरी त्याला कळत नव्हतं.

डॉक्टरांनी गावडेला विचारलं, "पडल्यावर पाय हलवत होता का?"

"होय तर! चांगले झाडी होतो. ओरडा होतो, 'उचला माका, उचला माका.'"

"मग आणलंत कसं?"

"दोघांनी काखेत हात घातलो, एकान पाय धरले. टॅक्सीत मागे घातलो. धक्को लागाक नको म्हणान मी मांडयेर घेऊन बसलंय तेका."

डॉक्टरांनी हातातली टाचणी खाली ठेवली. मला बाजूला घेतलं. "पाय झाडत होता म्हणजे पडला तेव्हा मज्जारज्जूची दोरी शाबूत होती. मणका मोडला होता, वाद्या गेल्या होत्या, पण आतली दोरी शाबूत होती. तो दुमडला गेला उचलताना, नाहीतर त्या टॅक्सीत, मांडीवर." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "हे यांना कधी कळता कामा नये."

यशवंत चौदा महिने आमच्याकडे होता. गावडे दर रविवारी यायचा. त्याची दाढी करायचा, त्याच्याशी गावच्या गजाली करायचा, त्याला कुशीवर वळवायला मला मदत करायचा. आणि जाताना दर रविवारी डॉक्टरांना गाठून एकच प्रश्न विचारायचा.

"डाक्टरांनू, आमी येळेर आणलो ना तेका?"

आणि खोटं बोलायची अॅलर्जी असलेले आमचे डॉक्टर दर रविवारी म्हणायचे, "अगदी वेळेवर आणलंत."

मग यशवंतच्या पाठीला जखमा झाल्या, लघवीचं विष अंगात भिनलं, आणि तो गेला. त्या काळी असे पेशंट जायचेच. बायको गावी निघून गेली. गावडे यायचा थांबला.

त्यानंतर डॉक्टरांनी एक खूळ घेतलं. दर शनिवारी जेवणाच्या सुट्टीत एकेका कारखान्याच्या गेटवर जायचे. मुलुंड, भांडुप, विक्रोळी. बरोबर मी, धोंडीराम आणि एक जुनं लाकडी दार. गेटसमोर धोंडीराम जमिनीवर आडवा व्हायचा, जखमी माणूस म्हणून. डॉक्टर आधी चुकीची पद्धत दाखवायचे. काखेत आणि पायांना धरून उचलायचे, धोंडीराम झोळीसारखा मधोमध दुमडायचा, आणि डॉक्टर म्हणायचे, "झालं. तुम्ही त्याचे पाय घालवलेत. जीव वाचवायला निघालात आणि पाय घालवलेत." मग बरोबर पद्धत. चौघांनी मिळून ओंडक्यासारखा एका वेळी वळवायचा, कणा वाकू द्यायचा नाही, दारावर सरकवायचा, दारासकट आणायचा. "चुकीची दाखवल्याशिवाय बरोबर कळत नाही," असं त्यांचं म्हणणं.

असं करता करता यशवंतच्या कारखान्याचा नंबर आला. गेटवर शे-दीडशे माणसं जमली. धोंडीराम आडवा झाला. डॉक्टर बोलायला उभे राहिले आणि त्यांचे शब्द अडखळले. मी त्यांच्या नजरेच्या रोखाने पाहिलं. अगदी पुढे, हाताची घडी घालून, गावडे उभा होता.

डॉक्टरांनी घसा खाकरला. चार माणसं बोलावली आणि सरळ बरोबर पद्धतच दाखवायला घेतली. ओंडक्यासारखा वळवा, दार सरकवा, उचला, खाली ठेवा. पाच मिनिटांत आटपलं. "धन्यवाद," ते म्हणाले. "सुट्टी संपत आली तुमची."

धोंडीरामने वर बघत पडल्यापडल्याच आवाज दिला. त्याला तिथून गावडे दिसत नव्हता. "सायेब, चुकीची ऱ्हायली की!"

"राहू दे."

"आवो, तुमीच म्हनता ना, ती बघितल्याबिगर लोकास्नी कळत न्हाई!"

"धोंडीराम, ऊठ. राहू दे म्हटलं ना!"

गर्दी पांगायला लागली होती. तेवढ्यात गावडे पुढे आला. त्याने हात लेंग्याला पुसले.

"थांबा डाक्टरांनू," तो म्हणाला. "ती मी दाखवतंय. माका येता."

आणि तो खाली बसला, आणि धोंडीरामच्या काखेत त्याने हात घातले.